थंडीत टोरांटोला येऊ नका

१ डिसेंबर, रविवार

आज शेषेराव दुकानात दीड तास बसला, दोन चहा प्यायला आणि मला थंडी शिकवून गेला.

पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेला माणूस. मागच्या वर्षी पोराकडं अमेरिकेला जाऊन आला, तोही जूनमध्ये. घाम पुसत गेला, घाम पुसत आला. मला म्हणतो, "महादेवप्पा, जानेवारीत टोरांटो म्हणजे खेळ न्हाई. नाकातल्या नाकात बर्फ होतो, मालूम हाय का?"

"तुझ्या झाला होता का?"

"मला न्हाई. पण लोक सांगत होते."

लोक सांगत होते! आणि हे सांगायला आला माझ्याच दुकानात. अरे, बत्तीस वर्षं झाली, मी थंडीवरच जगतोय. मुखेडहून एसटीनं नांदेडला उतरलो तेव्हा अंगात एक सदरा आणि गळ्यात इष्टलिंग, एवढंच होतं. रेल्वे स्टेशनाबाहेर ताडपत्री टाकून जुने फॉरेनचे कोट विकायला बसलो. आज स्वतःचं दुकान आहे, मागं गोदाम आहे, पण माल तोच: तिकडच्या लोकांनी अंगावरून उतरवलेला. जुन्या कपड्यांच्या गाठी दिल्लीकडून येतात. गाठ फोडली की पहिलं काम खिसे तपासायचं. ट्रामचं तिकीट निघतं, खोकल्याच्या गोळ्या निघतात, एकटा हातमोजा निघतो. दुसरा कधीच निघत नाही. शेषेरावनं त्या मुलखाचे रस्ते पाहिले असतील, मी तिथल्या माणसांचे खिसे पाहिलेत. थंडी कुणाला जास्त कळली?

जायचं कारण मंजुश्री. आमची एकुलती एक पोरगी, टोरांटोला असते. जानेवारीअखेर बाळंत होणार. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आमच्याकडची रीत. पण तिला रजा नाही, म्हणून माहेरच विमानात घालून तिकडं न्यायचं ठरलं. नऊ जानेवारीची तिकिटं आहेत, हैदराबादहून, बायको शांतम्माचं आणि माझं. ऐन हंगामात दुकान सोडून मी कधी कुठं गेलो नाही, ह्या वर्षी जाणार. नातवंड पहिल्या दिवशी हातात घ्यायचं आहे. आधी फोटोत बघून मग जूनमध्ये जायला मी काय शेषेराव आहे?

जाताना त्याला मुद्दाम घराचा फोटो पुन्हा दाखवला. विटांचं घर, दोन मजले, पुढं गवत. मागच्या वर्षी आमच्या जावयानं, अमरेशनं पाठवला होता. काउंटरच्या काचेखाली ठेवलाय, गिऱ्हाइकाच्या बरोबर नजरेसमोर. शेषेराव म्हणाला, "असलं मोठं घर गरम करायला लई तकलीफ असती." पोटात जळतंय, दुसरं काय.

४ डिसेंबर, बुधवार

मंजुश्रीनं व्हॉट्सअॅपवर सूचना पाठवल्या. तेरा. पोरगी कॉम्प्युटरवाली, आकडे घातल्याशिवाय बोलत नाही.

पहिली सूचना: एकच जाड कोट घालू नका, एकावर एक तीन थर घाला. हे मला सांगते! मी गिऱ्हाइकाला तीन थर घालून देतो, चौथा गळ्यात मारतो. दुसरी: बूट इथं येऊन घेऊ, नांदेडचे बूट घसरतात. घसरू देत. मी भर पावसात चिखलवाडीत सायकलवर कोटांचं गाठोडं नेलेला माणूस. तिसरी: बर्फावर पावलं बारकी टाकायची, बदकासारखी. शांतम्माला म्हटलं, "तू चालतीस तसंच चालायचं हाय म्हणं." तिनं भाकरी थापता थापता नुसतं बघितलं.

लोखंडाला हात लावला की झटका बसतो. फोन आतल्या खिशात ठेवायचा, बाहेरच्या खिशात थंडीनं बंद पडतो. ओठांना मलम. दुपारी पावणेपाचला अंधार होतो, मन उदास होतं. (मन उदास व्हायला फुरसत लागते.) अशा एकेक करत बारा झाल्या. तेरावी अशी:

"आप्पा, खरं सांगायचं तर थंडीत येऊ नका. अव्वाला पाठवा, तुम्ही जूनमध्ये या. तेव्हा मस्त फिरता येईल."

तिच्या आईनं आधी जायचं आणि मी जूनमध्ये! शेषेरावसारखं! मी उत्तर पाठवलं: "नाव ठेवायच्या वेळी मी तिथंच असणार." तिनं अंगठा पाठवला. ही पिढी अंगठ्यावरच भागवते.

८ डिसेंबर, रविवार

रविवारी संध्याकाळी साडेसातला व्हिडिओ कॉल असतो. तिकडं तेव्हा सकाळचे नऊ. तरी तिच्या खोलीत ट्यूबलाइट.

"सकाळी लाइट कशाला गं?"

"ढग आहेत आप्पा. इथं हिवाळाभर असंच असतं."

तेवढ्यात वर कुणीतरी धाडधाड चाललं. माझ्या कानांना सगळा बाजार भितो, दोन व्यापारी तिसऱ्या दुकानात कुजबुजले तर भाव मला कळतो. मी लगेच विचारलं, "वर कोण चालतंय?"

"अमरेश आहे वरच्या मजल्यावर."

"जपून चाल म्हणावं, छत काढतो का काय."

अर्ध्या मिनिटात अमरेश बाजूच्या दारातून आत आला, टोपीवर बर्फ. नमस्कार केला. वरून खाली आला कधी, बाहेर गेला कधी, बर्फ घेऊन परत आला कधी! चपळ पोरगा आहे. हातात पिशव्या होत्या. अंगात कंपनीचं जॅकेट, छातीवर बिल्ला उसवल्याची खूण. असली जॅकेटं आमच्याकडं गाठीला चार-पाच निघतात. आजकाल मोठ्या इंजिनिअर लोकांत पण साधं राहायची फॅशन आहे म्हणे.

"वर्क फ्रॉम होम का जावईबापू?"

"हो आप्पा, म्हणजे, थोडं बाहेरचं पण असतं."

मंजुश्रीनं विषय बदलला आणि मला पुन्हा थंडी सांगितली. उणे अठरा. मी म्हटलं, "आकडा सांगू नको, कोट कुठला लागंल ते सांग." हसली, पण उशिरा.

११ डिसेंबर, बुधवार

शांतम्मा बॅग भरून राहिली आहे. ज्वारीचं पीठ, डिंक, खारीक, बाळंतशेपा, हे समजलं. पण दोन सतरंज्या आणि एक पातळ गादी गुंडाळून सुतळीनं बांधली.

"दुमजली घरात सतरंजी कशाला? तिकडं पलंग असतात."

"असू द्या की. बाळंतिणीच्या उशाशी लागतंय."

"आणि ही गादी?"

"तुमचं दुकान तुम्ही बघा, माझी बॅग मी बघते."

बायकांना विमान आणि मुखेडची एसटी यांतला फरक समजावणं माझ्या ताकदीबाहेरचं आहे. वजन जास्त झालं की विमानतळावर तीच बघेल.

१५ डिसेंबर, रविवार

लातूरहून व्याह्यांचा, भीमाशंकररावांचा फोन. अमरेशचे वडील. डाळ मिल आहे, बोलणं मिलच्या आवाजावर चढवूनच करायची सवय. "शरणार्थ, महादेवप्पा! तीस तारखेला येळवशीला आमच्या शेतात यायचं, बहाणा चालणार न्हाई." येतो म्हटलं. मग त्यांनीही सूचना सुरू केल्या. स्वतः टोरांटो सोडा, महाबळेश्वरच्या पुढं गेलेले नाहीत. "तिकडं कान झाका, कानातून थंडी डोक्यात जाती." मी म्हटलं, "तुम्ही का येत न्हाई? नातू तुमचा पण हाय."

"मिल कोण बघंल?" म्हणाले आणि फोन लगेच ठेवला. मिल बघायला तीन भाऊ आहेत. कंजूष माणूस, तिकीट जीवावर येतंय.

आज कॉल नाही झाला. मंजुश्रीचा मेसेज: नेट गेलंय. एवढ्या मोठ्या देशात नेट जातं म्हणे.

१८ डिसेंबर, बुधवार

आज जे पाहिलं ते लिहावं की नाही, एक तास विचार करतोय.

मंजुश्री दवाखान्यात तपासणीला निघाली होती. निघता निघता अव्वाला फोन लावला, मोबाइल समोर उभा केला आणि कोट घालू लागली. मी शांतम्माच्या खांद्यावरून बघत होतो. काळा लोकरी कोट. पोटावर नीट बसला. मी म्हणणार होतो, माल चांगला आहे.

मग तिनं बटणं लावली. बटणं उजव्या बाजूला. पुरुषाचा कोट. तिसरं बटण निराळं, चार भोकांच्या बटणांच्या ओळीत हे एकटंच दोन भोकांचं. उजव्या बाहीचा अस्तराचा काठ हातानं घातलेल्या टाक्यांनी धरलेला, दोरा काळा नाही, निळा. आणि कॉलरच्या मागं, ती वळली तेव्हा, एक बारीक भोक, जुन्या कपड्यांच्या दुकानात किमतीचं लेबल प्लास्टिकच्या दोऱ्यानं टोचतात तसलं. नव्या कोटाला तिथं टोचत नाहीत.

बत्तीस वर्षं मी दुसऱ्याच्या अंगावरून उतरलेला कोट हातात घेतोय. मला कोण फसवणार?

ही तीच मंजुश्री, जी बारावीत असताना दुकानात यायची नाही. मी चांगला निवडून, धुऊन, इस्त्री करून एक तांबडा कोट घरी आणला होता. म्हणाली होती, "मला नको आप्पा, दुसऱ्याचा वास येतो." मला त्याचं काही वाटलं नव्हतं. तांबडा कोट दुसऱ्या दिवशी विकला गेला.

फोन बंद झाल्यावर एकेक गोष्ट आपोआप जागेवर बसत गेली. सकाळी नऊची ट्यूबलाइट. वरची धाडधाड, आणि बाहेरून बर्फ घेऊन येणारा जावई. ते जॅकेट. ती मोठ्या इंजिनिअर लोकांची फॅशन नाही, सामान घरोघर पोचवणाऱ्यांचं जॅकेट आहे. मीच असली शेकड्यांनी विकली, आणि जावयाच्या अंगात ओळखू आलं नाही. तेरा सूचनांमधल्या बारा थंडीच्या होत्या, तेरावीसाठी लिहिलेल्या.

माझे कान म्हणे तिखट. कापून शेषेरावला द्यावेत.

१९ डिसेंबर, गुरुवार

सकाळी शांतम्माला विचारलं. ती लिंगपूजा आटोपून उठत होती.

"तुला मालूम होतं?"

काय, असं तिनं विचारलं नाही. "जूनपासनं," म्हणाली. "जावयाची नोकरी गेली. ते घर सोडलं. आता एका घराच्या तळघरात एक खोली हाय. वर मालक ऱ्हातो. रात्री जावई गाडीवर सामान वाटायला जातो. हिची नोकरी हाय, म्हणून रजा न्हाई मागितली. ती पण गेली तर?"

"आणि मला का न्हाई सांगितलं?"

"तुम्ही फोटो काचेखाली घालून बसलात. कसं सांगायचं?"

"माझी पोरगी हाय ती!"

"दोनदा सांगायला घेतलं तिनं. एकदा तुम्ही फोन शेषेरावभावजींच्या तोंडासमोर धरलात, 'बघ माझ्या पोरीचं घर' म्हणून. ती भिंतीला पाठ लावून बसली, खोली दिसू नये म्हणून. दुसऱ्यांदा तुम्ही तिला विचारलंत, वरच्या खोलीतनं तळं दिसतं का. ती हो म्हणाली."

मला आठवलं. तळ्याचंही मी दुकानात सांगितलं होतं.

मग मी आवाज चढवला. एका सदऱ्यावर आलेला माणूस मी, घर मिळेपर्यंत आपण दोघं गोदामात गाठींवर झोपलो, मला गरिबीची लाज वाटेल असं तिला वाटलंच कसं? शांतम्मा सतरंजीची सुतळी पुन्हा आवळत म्हणाली, "तुम्हाला वाटंल म्हणून न्हाई. ती म्हणती, आप्पांनी फुटपाथवरनं उचलून मला इथवर आणलं, आणि मी पुन्हा खाली गेले, हे त्यांना डोळ्यांनी बघू देऊ नको अव्वा."

मी दुकानाला निघून गेलो. दिवसभर गिऱ्हाइकांशी छान बोललो. माझं बोलणं छानच असतं.

२६ डिसेंबर, गुरुवार

फोटो अजून काचेखालीच आहे. काढला तर शेषेराव विचारील. आज आलाच होता, कुठल्याशा व्हिडिओत पाहून एक नवी सूचना घेऊन: टोरांटोत जमिनीखालून रस्ते आहेत, दुकानंसुद्धा, माणसं आठवडाभर वर येत नाहीत. "जमिनीखाली कोण ऱ्हाईल बाबा!" म्हणून मोठ्यानं हसला. मी त्याला चहा दिला नाही. का दिला नाही ते त्याला कळलं नाही, आणि मला सांगता आलं नाही.

तिकीट रद्द करावं का? शांतम्मा एकटी गेली तर मंजुश्रीची लाज राहते. पोरीला हवं आहे ते एवढंच, की मी ती खोली बघू नये. आणि मला हवं आहे ते त्याच खोलीत येणार आहे. दोन्ही एकत्र कसं बसवायचं ते सुचत नाही. बाजारात असलं कोडं कधी पडलं नव्हतं, तिथं समोरचा माणूस आपला नसतो.

३० डिसेंबर, सोमवार

येळवस, म्हणजे वेळ अमावास्या, शेतात पूजा करून जेवायचा सण. पहाटे निघून लातूरच्या अलीकडं व्याह्यांच्या शेतात पोचलो. ज्वारी कमरेएवढी. कडब्याच्या कोपीत पांडवांची पूजा झाली, मग भज्जी, बाजरीचे उंडे, ताकातली आंबील. शेत माणसांनी फुललेलं. भीमाशंकरराव प्रत्येक पाहुण्याला धरून सांगत होते, "हे आमचे व्याही, आता टोरांटोला चालले, आमच्या अमरेशच्या बंगल्यावर."

एक पाहुणा म्हणाला, "बंगला केवढा हाय म्हणायचा?"

भीमाशंकरराव एकदम आंबिलीच्या मडक्याकडं बघायला लागले. ओगराळं आत घातलं, ढवळलं, बाहेर काढलं, पुन्हा घातलं. मिलवर चढणारा तो आवाज कुठंच नव्हता. मी ऐकत होतो. ह्या वेळी नीट ऐकत होतो. ह्या माणसालाही ठाऊक आहे. म्हणून तर तिकीट काढलं नाही, म्हणून फोन ठेवला. मी कंजूष म्हणून लिहून मोकळा झालो होतो.

मी म्हटलं, "दुमजली हाय. गवतच एवढं हाय पुढं, की दोन म्हशी चरतील."

पाहुणे हसले. भीमाशंकररावांनी माझ्या द्रोणात आंबील ओतली, काठोकाठ, सांडली तरी ओतत राहिले. निघताना जीपपर्यंत आले. "महादेवप्पा," म्हणाले, हळू, "तुम्ही जाणार ना? मला धाडस होईना बघा."

"कान झाकून जातो," मी म्हटलं.

१ जानेवारी, बुधवार

संध्याकाळी मीच कॉल लावला. शांतम्माला बाजूला बसवलं आणि ताकीद दिली, मधे बोलायचं नाही.

"मंजू, एक अडचण झाली."

"काय झालं आप्पा?" घाबरली. मागं तीच भिंत, तीच ट्यूबलाइट.

"डॉक्टरनं मला जिना बंद केलाय. एक पायरी चढायची न्हाई म्हणतो. तुझं घर दुमजली, तू मला वरच्या खोलीत टाकणार. मग मला येता येत न्हाई. खाली एखादी खोली असली तर सांग. बारकी असली तरी चालंल. अंधारी असली तर अजून बरं, मला उजेडात झोप लागत न्हाई."

कुठला डॉक्टर आणि कुठला जिना! दुपारीच गोदामाच्या शिडीवर चारदा चढउतार केली होती.

मी पुढं म्हटलं, "चढायला बंदी हाय. उतरायला हरकत न्हाई. उतरायच्या पायऱ्या कितीही असू देत."

शांतम्मा पुटपुटली, "उतरलेला माणूस पुन्हा वर कसा येणार?" मी तिच्याकडं असं बघितलं की ती पदर तोंडाला लावून बसली. हसत होती की रडत, विचारलं नाही.

मंजुश्री मोबाइलकडं बघत होती. तेवढ्यात वर पुन्हा धाडधाड झालं. ह्या वेळी मी काही विचारलं नाही. तिनं वर बघितलं, मग माझ्याकडं.

"आप्पा, वरचं आमचं नाही."

"मी वरचं विचारलं का?"

"एकच खोली आहे. त्यातच स्वयंपाक."

"मग भाजीचा वास पांघरुणात जातो का?"

"जातो."

"जातोच. गोदामात आपला पण जायचा. तुला आठवत नसंल, तू तान्ही होतीस."

मग ती रडली. मी रडू दिलं. अमरेश फ्रेममध्ये आला, तिच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिला, माझ्याकडं बघेना. मी म्हटलं, "जावईबापू, जॅकेटाची चेन अडकती ना खालच्या बाजूला? त्या मालाला असतीच. मेण घासा, सरळ चालंल." त्यानं खाली जॅकेटाकडं बघितलं आणि पहिल्यांदा तोंडभर हसला. "हो आप्पा, रोज अडकते."

मंजुश्रीनं नाक पुसलं. "आप्पा, वही घ्या. आता नीट सांगते, लिहून घ्या." मी घेतली. ती सांगत गेली, पहिली-दुसरी असे आकडे न घालता. मी हसलो नाही, मधे बोललो नाही, शब्द न् शब्द उतरवला:

टॅक्सी पुढच्या दारी सोडते, तिकडं घंटी वाजवायची नाही, ते मालकाचं दार. घराच्या डाव्या अंगाला बोळ आहे, तिथून मागं. पायऱ्या सात, खाली उतरणाऱ्या. तिसरीवर बर्फ साचतो. लोखंडी कठडा आहे, हातमोजा घालून धरायचा. दार बुटकं आहे, अमरेशला दोनदा लागलं. वाकून आत यायचं.